प्लॅनर स्पीकर घेण्याआधी हॉलची तयारी

प्लॅनर म्हणजे डब्याऐवजी सपाट, पडद्यासारखा उभा स्पीकर. तो घ्यायचा असेल तर सगळ्यात आधी रिव्ह्यू बंद करा आणि मेजरिंग टेप घेऊन हॉलमध्ये उभे राहा. मॅग्नेपॅन कंपनीचा १.७आय घ्या उदाहरणाला, उंची जवळपास साडेपाच फूट, रुंदी दीड फुटाच्या थोडी वर आणि जाडी फक्त २ इंच, त्यामुळे फोटो बघून वाटतं की अरे भिंतीला टेकवून देऊ, दिसणारही नाही. इथेच माणूस फसतो, मीही फसलो. कारण हा डबा नाहीच, मायलारचा, म्हणजे प्लास्टिकचा, पातळ पडदा आहे, त्याला मॉडेलप्रमाणे बारीक तार किंवा धातूची पातळ पट्टी चिकटवलेली आणि जवळच लोहचुंबकाच्या पट्ट्या, त्या तारेतून करंट फिरला की पडदा हलतो आणि आवाज जेवढा पुढे जातो तेवढाच मागे. मागचा आवाज भिंतीवर आपटून येणार, म्हणून मागे तीन फूट तरी मोकळे सोडा, चार मिळाले तर उत्तम. आता ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेचा हॉल, त्यातून तीन फूट कापले की सोफा कुठे जातो ते स्वतःच बघा.

म्हणून माझा आग्रह, पैसे देण्याआधी पुठ्ठा टेस्ट कराच. फ्रिजच्या खोक्याचे दोन मोठे तुकडे कापा, स्पीकरच्या मापाचे, खाली विटा लावून तीन फुटांवर उभे करा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी बाल्कनीचं स्लायडिंग दार अर्ध्याच्या पुढे उघडेना, दुसऱ्या दिवशी आईने एकावर ओला टॉवेल वाळत घातला आणि तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी दोन्ही घड्या घालून रद्दीत ठेवले. हसू नका, हेच सगळं खऱ्या स्पीकरचंही होणार आहे. (टॉवेलची जागा आता ठरलेली आहे, ती बदलत नाही.) गणपतीत मखर कुठे बसणार तेही याच आठवड्यात ठरवून टाका.

एक दिलासा मात्र आहे, बाजूला आवाज फार कमी जातो, पुढची आणि मागची लाट उलट असल्यामुळे कडेला एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणजे बाजूची भिंत जवळ असली तरी डबा स्पीकरइतका गोंधळ होत नाही. पण तोच हिशोब बेसवर उलटतो. खालचे सूर लांब लाटांचे, ते कडेवरून वळून मागच्या लाटेला भेटतात आणि गायब होतात. मॅग्नेपॅनच्याच छोट्या एलआरएस मॉडेलला कंपनी स्वतःच ५० हर्ट्झच्या खाली काही कबूल करत नाही. ढोल-ताशाची छाती धडधडणारी मजा पाहिजे असेल तर इथेच थांबा, किंवा सबवूफरचे पैसे आणि कोपरा दोन्ही आत्ताच बाजूला काढा. तानपुरा, सारंगी, किशोरीताई आमोणकरांचा आलाप ऐकणार असाल तर मग गोष्ट वेगळी. जवारीचे, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या गुंजनाचे, बारीक बारीक धागे वेगळे ऐकू येतात आणि गाणारी बाई भिंतीच्याही मागे, तिच्या खऱ्या उंचीवर उभी आहे असं वाटतं. मी याचसाठी सगळा त्रास काढला.

अँपचं (अँप्लिफायरचं) बघून ठेवा, यात कंजूषी चालत नाही. हे ४ ओहमचे स्पीकर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किती मोठं वाजतात, ती ८६ डीबी जी छापतात ती २.८३ व्होल्टला, म्हणजे ४ ओहममध्ये २ वॉट जातात, एका वॉटचा हिशोब लावला तर ८३च उरतात. टीव्हीखालचा जुना रिसीव्हर लावलात तर तो तापेल आणि मोठ्या आवाजात धापा टाकेल. ४ ओहमला दमदार करंट देणारा घ्या. या स्पीकरला भिंतीतला प्लग मात्र लागत नाही, इलेक्ट्रोस्टॅटिक नावाच्या दुसऱ्या जातीच्या पडदा-स्पीकरला लागतो, शिवाय ते हाय व्होल्टेजमुळे धूळ ओढतात, आणि हायवेजवळ राहणाऱ्याला धुळीबद्दल मी काय सांगणार.

ऊन बघा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं तिथे खडूने खूण करा, कारण तार नुसत्या गोंदावर असते आणि ऊन-उष्णता त्या गोंदाची वैरी. पावसाळ्यात जी भिंत ओल धरते तिच्याजवळ तर नकोच.

सेकंडहँड घेताना हे सगळ्यात महत्त्वाचं. माझी पहिली जोडी पनवेलच्या एका घरातून आणली, तिथे पाच मिनिटं ऐकली आणि खूश झालो, घरी सारंगी लावली तर एकाच सुरावर डावा स्पीकर डासासारखा झुंझुं करायचा. विकणारा म्हणाला रेकॉर्डिंग तसंच असेल. डावी-उजवी वायर बदलून बघितली, झुंझुं स्पीकरसोबतच राहिलं, म्हणजे तार सुटली होती. तेव्हा एक संथ सारंगी आणि खालून वर जाणारा टेस्ट टोन मोबाईलमध्ये घेऊन जा, एकेक स्पीकर वेगळा वाजवा आणि कान पडद्याजवळ न्या. ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या भागाचा, फ्यूजही काढून बघा, कोणी त्यात भलतीच वायर घुसवलेली नाही ना. खोकं मागाच, माळ्यावर मावत नसलं तरी, कारण पुढे विकताना किंवा दुरुस्तीला पाठवताना त्याच्याशिवाय हाल होतात.

मांजर असेल तर सरळ नाही म्हणा, वर कापड चढवलेला असा उभा पडदा म्हणजे तिच्या नखांना आमंत्रण.

आणि खुर्ची एकच चांगली असते हे घरात आधीच सांगून टाका. मध्ये बसलं तर मैफल, दोन फूट सरकलं की एका बाजूचाच स्पीकर वाजतोय असं वाटतं. बायको दिवाणावर बसते, तिचं मत आहे की एवढे पैसे घालून जुन्या स्पीकरपेक्षा कमीच ऐकू येतं, आणि दिवाणावरून ते खरंच आहे, मी बसून बघितलं. त्यामुळे रविवारी सकाळी दहा ते अकरा मधली खुर्ची तिची, असं ठरलंय.