घरातली तिजोरी: या चुका टाळा

फुटत नाही अशी तिजोरी नसते. ती किती मिनिटं टिकते एवढाच प्रश्न. यूएल या अमेरिकन चाचणी-संस्थेच्या घरगुती तिजोऱ्यांसाठीच्या मानकाच्या पहिल्या पातळीवर साध्या हातहत्यारांपुढे अपेक्षा फक्त ५ मिनिटांची आहे. दुकानात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या बऱ्याच पेट्यांना तर कसलंच मानांकन नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिजोरी नुसती ठेवून देणं. १५-२० किलोची पेटी एकटा माणूस उचलून नेतो आणि निवांत फोडतो. युरोपीय मानक एन ११४३-१ तर १००० किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जखडण्याची सोय मागतं. बोल्ट काँक्रीटमध्येच घ्या. कपाटाच्या प्लायला आवळलेली तिजोरी फळीसकट निघते आणि पोकळ विटेत साधा फास्टनर धरत नाही. ड्रिल करण्याआधी खालून वायर किंवा पाइप जातोय का ते पाहा. भोकातली धूळ पूर्ण काढा, नाहीतर बोल्ट आवळताना जागेवरच फिरत राहतो. कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटवून बसवली तर पहार घालायला फट उरत नाही.

आगीपासूनचं संरक्षण हा वेगळाच विषय. जाड पोलाद उष्णता आत सहज जाऊ देतं. यूएलच्या कागदपत्रांसाठीच्या चाचणीत आतलं तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहावं लागतं. कागद त्यात वाचतो, पण हार्ड डिस्क, पेन ड्राइव्हचं काय? त्यांच्यासाठीची मर्यादा ५२ अंश आहे. शिवाय अग्निरोधक थरात पाणी धरलेलं असल्यामुळे आत दमट होतं. कागद बंद पिशवीत ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदला.

बॅटरीवरचं डिजिटल कुलूप असेल तर कंपनीचा मूळ कोड, मास्टर कोडसुद्धा (नेहमीच्या कोडशिवाय चालणारा मुख्य कोड), पहिल्याच दिवशी बदला. आणीबाणीची चावी तिजोरीतच ठेवणारे कमी नाहीत! बॅटरी संपली की ती चावी आतच अडकते. शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवली तर कुलूप असून नसल्यासारखं.

कोड बरोबर असून दार उघडत नसेल तर आधी नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. बीप वाजतो पण मूठ फिरत नाही, असं झालं तर आतली वस्तू दाराला रेटत असते. दार आत दाबून धरा, कोड टाका, मग मूठ फिरवा. कोड तीन-चारदा चुकला की बरीच कुलपं काही मिनिटं बंद पडतात. तेवढा वेळ बटणांना हात लावू नका. नवा कोड घातल्यावर दार उघडं ठेवूनच तो दोन-तीनदा चालवून पाहा.