हळद, आलं, निर्गुंडी: सुजेवरची औषधं कुंडीत लावावीत कशी, वापरावीत कशी

दुखऱ्या गुडघ्यासाठी किंवा सकाळी आखडणाऱ्या बोटांसाठी घरी औषधी झाडं लावायची ठरलं, की पंधरा रोपं आणली जातात आणि वर्ष सरता सरता त्यातली दोन उरतात. त्यापेक्षा तीनच लावा: पोटात घ्यायला हळद आणि आलं, वरून शेकायला निर्गुंडी. कोरफडीचं एखादं रोप असू द्या. उन्हाने भाजलेल्या कातडीवर तिचा गर बरा वाटतो, पण सांध्याच्या आतल्या सुजेवर त्याचा उपयोग नाही. तुळस सुजेसाठी म्हणून मुद्दाम लावण्यात अर्थ नाही. चहात घालायला हवी असेल तर जरूर लावा, मंजिऱ्या मात्र वेळेवर खुडत राहा, नाहीतर पानं बारीक होत जातात.

हळद आणि आल्याचे गड्डे आडवे पसरतात, म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद हवी. 45 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल ग्रो बॅगेत तीन बेणी बसतात. माती दोन भाग, मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, जाड वाळू एक भाग. तळाशी खडीचा थर देण्याची सवय सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडून बसतं आणि गड्ड्याचे पाय ओलेच राहतात. त्यापेक्षा तळाला बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं असणं कितीतरी मोलाचं.

बेणं निवडताना 30 ग्रॅमच्या आसपासचा, टणक, दोन-तीन फुगीर डोळे असलेला तुकडा घ्या. भाजी म्हणून विकलेल्या आल्याला कोंब फुटू नयेत म्हणून काही वेळा प्रक्रिया केलेली असते. ते रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून धुऊन मग वापरा. गड्डा कापला असेल तर काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, कारण ओल्या कापातूनच कूज शिरते. तुकडे ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, उबदार जागी ठेवले की डोळे फुगू लागतात. कोंब एक सेंटिमीटर झाला की डोळा वर ठेवून 5 सेंटिमीटर खोल लावा. दोघांनाही 20 ते 30 अंश सेल्सियस मानवतं. माती गार असेल तर कोंब महिनाभर हलत नाही, आणि तो मेला समजून उकरून बघण्यातच मोडतो.

कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताचं. पानं नसताना झाड पाणी पीत नाही, तेव्हा घातलेलं सगळं मातीतच साचतं. नंतर बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. हळद अर्धा दिवस ऊन सोसते. आल्याला दुपारची सावली लागते, नाहीतर पानांच्या कडा करपतात. दर महिन्याला मूठभर कंपोस्ट घालून वर मातीची भर लावा, कारण उघडा पडलेला गड्डा हिरवट होतो आणि जाड होत नाही. नत्र असलेलं खत सारखं देत राहिलात तर झाड कमरेएवढं माजेल आणि खाली गड्डे अंगठ्याएवढे निघतील.

खरा शत्रू कंदकुज. आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग जमिनीलगतचा दांडा पाणी भरल्यासारखा मऊ होतो. असा दांडा दोन बोटांत धरून हलकेच ओढा: निरोगी असेल तर घट्ट राहतो, कुजलेला असेल तर अलगद हातात येतो आणि खालून आंबूस वास मारतो. कुजलेला भाग आणि भोवतीची माती काढून टाका, पाणी थांबवा. त्या मातीत पुढची दोन-तीन वर्षं हळद-आलं लावू नका.

आठ-दहा महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळतो. तेव्हा पाणी बंद करा, दोन आठवडे थांबा आणि मग कुंडी उलटी करा. आलं त्याआधीही कोपऱ्यातून थोडं थोडं उकरून वापरता येतं.

ओली हळद तशीच वाळवली तर महिनोन्महिने आतून ओलसर राहते, म्हणून आधी शिजवावी. स्वच्छ धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात 45 मिनिटं ते एक तास उकळा. काडी सहज आरपार गेली की थांबा, जास्त शिजली तर रंग उतरतो. मग 3 मिलिमीटरच्या चकत्या करून पातळ कापडाखाली वाळवा. तयार झालेली चकती मोडताना टक्क आवाज येतो. ती वाकली, तर पुन्हा पसरा. अशा ओलसर चकत्यांची पूड बरणीत भरली की बुरशी धरते. उजेडाने कर्क्युमिन हे रंगद्रव्य नासतं, त्यामुळे बरणी अंधारात ठेवावी. वाळवलेल्या हळदीचं वजन ओल्याच्या साधारण पाचवा हिस्सा भरतं. दीड किलो गड्डे निघाले तर 300 ग्रॅम पूड, म्हणजे एका माणसाला रोज 3 ग्रॅमप्रमाणे शंभर दिवस.

ते 3 ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा. एक चमचा तुपात किंवा तेलात मंद आचेवर अर्धा मिनिट परता, चिमूटभर ताजी मिरपूड घाला आणि जेवणात मिसळा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि नुसतं घेतलं तर शरीरात फारसं शोषलं जात नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिल्यावर शोषण वीसपट वाढलेलं दिसलं. मात्र हिशेब नीट समजून घ्या. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे चमचाभर पुडीत जेमतेम 90 मिलिग्रॅम. गुडघ्याच्या संधिवातावरच्या चाचण्यांत रोज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास अर्क दिलेला असतो. तेव्हा घरच्या हळदीकडून आठवड्यात चमत्कार मागू नका. दीड-दोन महिने रोज घेऊन फरक जाणवतो का ते पाहा, आणि फरक नसेल तर चमचे वाढवत बसू नका.

आल्याचा काढा सोपा आहे. 10 ग्रॅम ओलं आलं, म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढा तुकडा, पातळ कापून 250 मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा. दिवसातून एकदा, जेवणानंतर. वाळवल्यावर आल्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि ते जास्त तिखट असतं, म्हणून सुंठ वापरलीत तर 2 ग्रॅम पुरे. छातीत जळजळलं तर प्रमाण अर्ध्यावर आणा.

निर्गुंडी बियांपासून करत बसू नये. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचं 20 सेंटिमीटरचं छाट कलम दोन डोळे मातीत जातील असं लावलं, की महिना-दीड महिन्यात मुळं धरतं. नंतर या झाडाला फार काही लागत नाही, फक्त छाटत राहा. शेकण्यासाठी 50 ग्रॅम पानं एक लिटर पाण्यात अर्धं उरेपर्यंत उकळून गाळा, जाड सुती कापड त्यात बुडवून पिळा आणि सांध्यावर 15 ते 20 मिनिटं ठेवा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला कापड लावून चटका बसत नाही ना ते बघा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय शेकू नका, भाजलेलं कळत नाही. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस शेक नको, गार पट्टी ठेवा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर हळद-आलं औषधाच्या मात्रेत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणातही विचारूनच. मिरी इतर काही औषधांचंही शोषण वाढवते, म्हणून रोजच्या गोळ्या चालू असतील तर तिचाही उल्लेख करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी हळद आणि आलं दोन्ही औषधाच्या मात्रेत घेणं बंद. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर घेणं तिथेच थांबवा आणि तपासून घ्या. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर काढा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काढणीच्या वेळी मधला जाड जेठा गड्डा शिजवायला घेऊ नका. तो न धुता, नुसती माती झटकून, कोरड्या वाळूत थंड सावलीत ठेवा. महिन्यातून एकदा वाळू उकरून बघा आणि एखादा मऊ लागला तर लगेच काढा, नाहीतर शेजारचेही जातात. पुढच्या हंगामाचं बेणं तेच.