परदेशी देवाणघेवाण कार्यक्रम : सीमाभागातील विद्यार्थ्याने तयारी कोठून सुरू करावी

परदेशात शिक्षण, काम किंवा स्वयंसेवा करण्याच्या कार्यक्रमांची चौकशी करणारा बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचा विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा शिष्यवृत्तीचा विचारतो. त्याआधी त्याने स्वतःलाच विचारावा असा एक प्रश्न आहे : आपले नाव आपल्या सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का? आपल्या भागातील कागदपत्रे तीन भाषांत आणि पुष्कळदा दोन राज्यांत विखुरलेली असतात. निवड झाल्यानंतर व्हिसाच्या तारखेपर्यंत जे दोन-तीन महिने हाती राहतात, त्यांत हा गुंता सुटत नाही. म्हणून कार्यक्रम ठरवण्याच्या आधी, निदान वर्षभर अगोदर, कागदांना हात घालावा.

मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव आणि मग वडिलांचे नाव असते; एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या, गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर उरते; जुना जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असतो आणि त्यातील नावाचे रोमन लिपीत रूपांतर करताना प्रत्येक कारकुनाने आपापल्या मनाप्रमाणे अक्षरे घातलेली असतात. एसएसएलसीचे गुणपत्रक पुढील सर्व शैक्षणिक कागदांचा पाया असल्यामुळे त्यातील चूक शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे अर्ज करून आधी दुरुस्त करून घ्यावी, मग आधार आणि त्यानंतर पासपोर्ट, असा क्रम ठेवावा. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. तसे केल्यास अमेरिकेच्या व्हिसावर आपले संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते, नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे नाव अज्ञात, अशी खूण छापली जाते आणि तिथल्या बँकेत, विद्यापीठात व विमा कार्यालयात तिचा खुलासा करत बसावे लागते.

गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी केल्यामुळे त्याआधीच्या कागदांवर एक नाव आणि नंतरच्या कागदांवर दुसरे नाव दिसते. हा फरक घाबरण्यासारखा नाही. पासपोर्टवर जन्मस्थान ज्या अक्षरांत छापले आहे, त्याच अक्षरांत ते परदेशी अर्जात लिहावे, इतके पाळले की पुरते.

पासपोर्टचे सर्वसाधारण शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये असून बेळगावात टपाल खात्याचे पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे हुबळीची खेप वाचते. शिक्षणासाठी कोल्हापूर किंवा पुण्यात राहणाऱ्याने सध्याचा पत्ता म्हणून गावचाच पत्ता लिहिला आणि पोलीस पडताळणीच्या दिवशी तो गावी सापडला नाही, तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो. तेव्हा खरोखर राहतो तोच पत्ता द्यावा. दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा अर्जाबरोबर जोडला म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक’ असा, शिक्का येत नाही. आखाती देशांत कामासाठी जाताना या शिक्क्याचा अर्थ कळतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

अनेक देश प्रमाणपत्रांवर अपोस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरली जाणारी सत्यतेची मोहोर, मागतात. ते परराष्ट्र मंत्रालय देते, परंतु शैक्षणिक प्रमाणपत्र आधी ज्या राज्यात मिळाले त्या राज्याने प्रमाणित करावे लागते. निपाणीत एसएसएलसी आणि पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, करून शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतलेल्या मुलीला त्यामुळे दहावीच्या कागदासाठी बेंगळुरूची आणि पदवीसाठी मुंबईची वाट धरावी लागते. पदवीच्या वर्षानुसारही फरक पडतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले. त्याआधी बेळगावच्या महाविद्यालयांत शिकलेल्यांची पदवी कर्नाटक विद्यापीठाची असल्यामुळे त्यांना ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, धारवाडला जावे लागते. अभियांत्रिकीवाल्यांचे मात्र नशीब चांगले : राज्यभरातील विद्यार्थी ज्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या दारात रात्रीच्या गाडीने येऊन उभे राहतात, ते आपल्या शहराच्या वेशीवरच आहे.

आता कार्यक्रमांकडे वळू. पीयूसीच्या वयाच्या, म्हणजे साधारण १५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा हे रोटरीच्या एकाच ३१७० क्रमांकाच्या प्रांतात येतात. अर्ज स्थानिक क्लबच्या शिफारशीनेच पुढे जातो, मूल परदेशात यजमान कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकते, आणि बदल्यात तिकडच्या मुलाला आपल्याकडे ठेवून घेण्याची वेळ येते, हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगावे. वर्षभराच्या मुक्कामाला एसएसएलसीनंतरचा काळ सोयीचा, कारण दुसऱ्या पीयूसीच्या आधी मध्येच वर्ष तोडले तर अभ्यासाचा धागा पुन्हा जुळवणे कठीण जाते.

पदवीनंतर पर्याय वाढतात. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत किमान दोन देशांत शिकावे लागते, शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो असते आणि अर्ज थेट त्या विद्यापीठ-समूहाकडे करायचा असतो. बहुतेकांच्या मुदती ऑक्टोबर ते जानेवारीत संपतात. ब्रिटन सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि अभ्यासानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. अमेरिकेतील अभ्यासासाठीच्या फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव हवा. नुकतीच पदवी हाती पडलेल्याने या दोन्हींच्या मागे न लागता इरास्मुस किंवा जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेकडे पाहावे, असे माझे मत आहे.

मागास व वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुले तिला पात्र असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये आहे. कर्नाटकच्या समाजकल्याण खात्याची प्रबुद्ध योजना याच धर्तीची. दोन्हींसाठी जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, वेळेत काढून ठेवावेत. महाराष्ट्राने सीमाभागातील, आपला दावा असलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांना शिक्षण-प्रवेशात सवलती दिल्या आहेत, पण त्या सवलती म्हणजे महाराष्ट्राच्या प्रत्येक शिष्यवृत्तीची पात्रता नव्हे. रहिवासाची अट वाचल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

काम करायला जायचे असेल, तर सोडतीच्या योजना पाहाव्यात. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागा आहेत; सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, निवड झाल्यावर मात्र खात्यात २,५३० पौंड २८ दिवस शिल्लक दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला केला असून त्याच्या जागा वर्षाला १,००० आहेत. जर्मनीत ओ-पेअर म्हणून एखाद्या कुटुंबात राहून मुले सांभाळायची असतील, तर अर्ज करताना वय २७ पेक्षा कमी आणि जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळी लागते. जेवण-राहण्याव्यतिरिक्त दरमहा २८० युरो हातखर्च मिळतो. जर्मनच्या परीक्षेसाठी पुण्याचे मॅक्सम्युलर भवन आपल्याला जवळचे, परंतु व्हिसाचा अर्ज कर्नाटकचा रहिवासी म्हणून बेंगळुरूलाच करावा लागतो.

स्वयंसेवेच्या बाबतीत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे : पगार नाही म्हणजे ते काम नव्हे, आणि म्हणून पर्यटक व्हिसा चालेल. अनेक देशांत शेतावर राबून त्याबदल्यात जेवण-निवारा घेणे हेही कामच मानले जाते. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्यास नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. शंका असल्यास त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरील मजकूर प्रमाण मानावा, यजमानाचा शब्द नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमासाठी अर्जाला एक पैसाही लागत नाही. त्या नावाने कोणी शुल्क मागत असेल, तर तो फसवतो आहे. नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

अर्जातील निबंधाकडे आपली मुले सर्वांत कमी लक्ष देतात. नेतृत्वाचा दाखला मागितला की सीमाप्रश्नाचा इतिहास लिहून काढण्याचा मोह होतो, आणि परीक्षकाला त्यातून लिहिणाऱ्याविषयी काहीच समजत नाही. त्याऐवजी, नाडकचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीचा कन्नड अर्ज तिला मराठीत वाचून दाखवला आणि पुढे गल्लीतल्या वीस घरांचे अर्ज भरून दिले, असे खरोखर केले असेल, तर तेच तपशिलाने लिहावे. चार भाषांत रोजचा व्यवहार करणे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की ते अर्जात नोंदवण्याजोगे आहे, हेच सुचत नाही. शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी भेटावे आणि आपण केलेल्या कामाची एक पानी नोंद त्यांच्या हाती द्यावी, नाहीतर ‘विद्यार्थी नम्र व कष्टाळू आहे’ यापलीकडे त्यात काही येत नाही.

निवडपत्र आल्यावर आनंदाच्या भरात लगेच सही करू नये. विमा कोण देणार, तिकीट कोणाचे, मध्येच परतावे लागले तर पैसे परत करावे लागतात का, विद्यापीठाच्या सत्राचे श्रेयांक येथे धरले जातील असे महाविद्यालयाने लेखी दिले आहे का, हे पाहावे. अमेरिकेच्या जे-वन, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांच्या, व्हिसावर जाणाऱ्याने त्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू आहे का, हेही तपासावे. सरकारी पैशाने गेलेल्यांना ती बहुधा लागते आणि पुढे तिकडच्या नोकरीचा बेत तिच्यामुळे अडतो. हे सगळे नीट वाचून झाल्यावर सही करावी आणि सर्व कागदांच्या दोन छायाप्रती काढून एक संच घरी ठेवावा, कारण तिकडे पासपोर्ट हरवल्यास भारतीय दूतावास त्याची प्रत मागतो.