लेबर कॅम्पवर मदत घेऊन जाताय? या चुका टाळा

पुण्यात कुठे लेबर कॅम्पला, म्हणजे बांधकाम मजुरांच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांना, आग लागली, पत्रे उडाले किंवा ओढ्याचं पाणी खोल्यांत शिरलं, की तासाभरात मेसेज फिरायला लागतो: ‘किट बनवतोय, जमेल तेवढं द्या.’ भावना खरी असते. पण दर वेळी त्याच चुका होतात आणि त्या भोगायला लागतात आधीच उघड्यावर आलेल्या कुटुंबांना. नव्याने या कामात येणाऱ्यांनी निदान एवढं वाचून यावं.

न विचारता किट भरणं

ही सगळ्यात मोठी चूक. वाघोलीच्या पुढे एका साइटवरचा कॅम्प जळाला होता. बहुतेक कुटुंबं बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादकडची, काही कलबुर्गीची. दुपारपर्यंत टेम्पोवर टेम्पो आले. गव्हाचं पीठ, तूरडाळ, जुन्या कपड्यांचे गठ्ठे. पीठ मळायला परात नाही, भाजायला तवा नाही, शेगडी आगीत गेलेली, आणि निम्म्याहून जास्त माणसं भात खाणारी. संध्याकाळी पाऊस आला. पीठ भिजलं, कपडे चिखलात गेले, दुसऱ्या दिवशी ते सगळं कचऱ्याच्या गाडीत भरलं गेलं.

त्या गर्दीत तान्हं बाळ घेतलेली एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होती. ती बंगालीत बोलत होती आणि आपली मंडळी किट मोजण्यात गुंतली होती. शेवटी कॅम्पमधल्याच एका मुलाला मध्ये घातलं तेव्हा कळलं. नवऱ्याचा फोन जळाला होता. घरातला सगळा पैसा त्या नंबरवर. बँक, यूपीआय, आधार, सगळ्याचा ओटीपी तिथेच येणार. तिला पीठ नको होतं, सिम हवं होतं.

म्हणून मी पहिल्या फेरीला सामान नेत नाही. वही नेतो आणि त्यांची भाषा येणारं माणूस नेतो. एक बाई सोबत असतेच, कारण पॅड, बाळाचं दूध, बाळंतिणीचं दुखणं हे पुरुषांना कुणी सांगत नाही. रिकाम्या हाताने गेलात म्हणून कुणी नावं ठेवत नाही. पहिल्या रात्री शिजवलेलं जेवण, पिण्याचं पाणी, ताडपत्री आणि चार्जर एवढंच लागतं. बाकी वहीत काय उतरलंय ते बघून.

फोन आणि कागद गेले असतील तर आधी गावी फोन लावा. आधार आणि रेशनकार्डचा फोटो बहुतेक वेळा भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या व्हॉट्सॲपवर सापडतो. आधार नंबर मिळाला की कंपनीच्या दुकानात अंगठा देऊन तेच सिम पुन्हा मिळतं. खातं आधारला जोडलेलं असेल तर बँक मित्राकडे (गावोगावी, वस्तीत बँकेचं काम करणारा प्रतिनिधी) अंगठ्यावर पैसेही निघतात. गवंडीकाम करणाऱ्यांचे ठसे सिमेंटने झिजलेले असतात, मशीन घेत नाही. अशा वेळी आधार केंद्रावर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. माणसाला तसंच परत पाठवू देऊ नका.

गावच्या रेशनकार्डावर पुण्यातल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. ‘प्राधान्य कुटुंब’ प्रकारचं रेशनकार्ड असेल तर माणशी महिना ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. थोडं इथे उचललं तरी उरलेलं गावाकडच्यांना घेता येतं. हे न सांगितल्यामुळे गावातलं धान्य बंद होईल या भीतीने कितीतरी कुटुंबं दुकानाची पायरीच चढत नाहीत. नेपाळी कुटुंबांकडे सहसा भारतातलं रेशनकार्ड नसतं, त्यांना तिकडे पाठवून हेलपाटे घालायला लावू नका. आणि कागद विचारताना पोलीस चौकशीचा सूर नको. बंगाली बोलणारी माणसं आधीच धास्तावलेली असतात.

घाईघाईने गावी पाठवणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पिंपरी-चिंचवडच्या एका साइटवर स्लॅबवरून पडून एक माणूस गेला. उत्साही तरुणांनी वर्गणी काढली आणि दुसऱ्या रात्री त्याच्या बायकोला दोन मुलांसह बिहारला जाणाऱ्या दानापूर गाडीत बसवून दिलं. सामान उचलायला मुकादम स्वतः स्टेशनवर आला होता. तो येणारच. साइटवर आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे वरखर्चापुरते पैसे, मिळते, बाकी हिशेब काम संपल्यावर. ती सगळी बाकी मुकादमाकडेच राहिली. नुकसानभरपाईसाठी पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पोलिसांचे कागद, हजेरीचा पुरावा आणि साक्षीदार लागतात. तिच्या वतीने कुणी विचारायला गेलं तोवर सोबतच्या मजुरांची गँग दुसऱ्या साइटवर गेली होती आणि हजेरीची डायरी ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं.

तिकीट काढायच्या आधी हजेरीच्या पानांचे फोटो काढा. सोबतच्या दोघा-तिघांचे नंबर घ्या. गेटवरच्या बोर्डाचाही फोटो घ्या, त्यावर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर असेल तर मूळ बिल्डर सापडतो. सरकारच्या बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंद होती का ते विचारा. आणि तिला खरंच जायचंय का, हे मुकादम जवळ नसताना तिलाच विचारा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. सामान मुकादमाच्या हाती देऊ नका, नंतर खर्चीतून कापलं जातं. बायका-मुलांचे चेहरे ग्रुपवर टाकू नका. आवाहनावर तारीख घाला आणि गरज भागली की तसा मेसेज टाका. एकटं मूल दिसलं तर घरी नेऊ नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. ‘आम्ही खोली बघून देतो’ असं हातात काही नसताना बोलू नका. ती माणसं त्या शब्दावर थांबून राहतात.

आणि दुर्घटना होईपर्यंत वाट बघणं थांबवा. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या खोल्यांवर पडून १५ जण गेले, पुढच्या काही दिवसांतच आंबेगावात पुन्हा तसंच झालं. मे महिन्यात आपल्या भागातले कॅम्प चालत फिरून बघा. मोठ्या भिंतीला टेकून किंवा खोदलेल्या खड्ड्याच्या काठाला पत्र्याच्या खोल्या असतील तर फोटोसकट महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, एक प्रत बिल्डरच्या साइट ऑफिसात द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.