लाल दिवा जात नाही, सेल फुल होत नाही: लिथियम सेल चार्ज करताना या चुका टाळा

‘चार्जर खराब निघाला’ म्हणून बाजूला टाकलेले कितीतरी चार्जर प्रत्यक्षात चांगले असतात. लिथियम-आयन सेलच्या पोटात काय चाललंय हे साध्या चार्जरला कळायची सोयच नसते. आपल्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज आहे आणि तिथून किती करंट जातोय, एवढंच त्याला समजतं आणि सगळे निर्णय तो त्यावरच घेतो. म्हणून त्याचं वागणं विचित्र वाटलं की आधी विचार करायचा, या क्षणी चार्जरला काय दिसत असेल?

उदाहरणादाखल टीपी ४०५६ घेऊ. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारं हे छोटं चार्जर मोड्यूल हौशी लोकांच्या टॉर्चमध्ये, सोलर दिव्यांत आणि खेळण्यांत सगळीकडे असतं. सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर ते ठरलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शाएवढाच करंट सोडतं. सेल वर आला की पूर्ण करंट, म्हणजे बहुतेक मोड्यूलवर १ अँपिअर. टोकांवर ४.२ व्होल्ट झाले की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतं आणि करंट हळूहळू उतरू लागतो. तो १०० मिलिअँपिअरवर आला की चार्जिंग थांबतं आणि लाल दिवा जाऊन हिरवा किंवा निळा लागतो.

चालू चार्जिंगमध्ये मीटर लावून ‘फुल’ ठरवणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. वीस मिनिटांत मीटरवर ४.२ दिसतं, माणूस सेल काढून घेतो आणि मग टॉर्च तासाभरात मान टाकते.

सेलला स्वतःचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, असतो. त्यात वायरचा, स्प्रिंगचा, गंजलेल्या पत्रीचा रोध मिळतो. सगळा मिळून ०.१ ओहम धरला तर १ अँपिअर वाहताना ०.१ व्होल्ट तिथेच पडतो. टोकांवर ४.२ दिसतात तेव्हा सेल खरा ४.१ च्या आसपास असतो. जुन्या, थकलेल्या सेलमध्ये हाच रोध ०.३ ओहमवर जातो, मग सेल ३.९ वर असतानाच चार्जरला ४.२ दिसू लागतात. तिथून पुढे करंट उतरत जातो आणि उरलेलं चार्जिंग रेंगाळतं. जुना सेल ‘लवकर ४.२ ला पोचतो, पण लाल दिवा काही जात नाही’ असं होतं ते यामुळे. चार्जरचा यात दोष नाही. संपर्काच्या पत्र्या घासून स्वच्छ करा, वायर जाड आणि आखूड वापरा. तरीही तेच झालं तर सेल थकलाय.

खरं मोजमाप घ्यायचं असेल तर चार्जिंग संपल्यावर सेल सुटा करून तासभर ठेवा आणि मग मीटर लावा. ४.१५ ते ४.१८ दिसलं तर सगळं ठीक, तेवढी घसरण होतेच. चांगला भरलेला सेल काही न जोडता दुसऱ्या दिवशी ४.० वर आलेला असेल तर मात्र तो आतून गळतोय. असा सेल चार्जरवर तसाच राहिला तर ४.०५ च्या आसपास चार्जर पुन्हा सुरू होतो, म्हणून दिवा हिरवा-लाल-हिरवा होत राहतो. हा सेल बाद करा.

चार्जिंग चालू असताना लोड जोडून ठेवणं

सेलला समांतर एखादा रेडिओ किंवा एलईडी चालू असेल आणि तो २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर सेल पूर्ण भरला तरी चार्जरमधून निदान २०० मिलिअँपिअर वाहतच राहतात. चार्जर वाट बघतोय १०० ची. ते कधी येतच नाहीत, लाल दिवा जात नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो. लिथियम सेलला याने हळूहळू म्हातारपण येतं. चार्ज करताना लोडचा स्विच बंद ठेवा. दोन्ही एकाच वेळी हवंच असेल तर चार्जिंगच्या वेळी लोडला थेट अ‍ॅडॉप्टरमधून वीज देणारं सर्किट लागतं, नुसतं समांतर जोडून भागत नाही.

हिरव्या दिव्यावर विश्वास

सेल नसतानाही हिरवा दिवा लागू शकतो, कारण करंट वाहतच नसतो. स्प्रिंग ढिली असेल, तार तुटली असेल, तरी चार्जरच्या लेखी चित्र तेच. शिवाय रिकाम्या टोकांवर मीटर लावलं तर ४.२ च्या आसपास दिसतं आणि माणूस पुरता फसतो. चार्जर काढून थेट सेलच्या टोकांवर मोजा.

याचाच भाऊ म्हणजे ‘नवीन सेल जोडला, पण आउटपुटला शून्य’. ज्या मोड्यूलवर संरक्षण सर्किट असतं त्यावर सेल पहिल्यांदा जोडल्यावर असं पुष्कळदा होतं. एकदा यूएसबी लावून चार्जिंग सुरू करा, आउटपुट जागं होतं. मोड्यूल फेकून देऊ नका.

मेलेल्या सेलला ‘झटका’ देणं

याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सेल १ व्होल्टवर गेला, चार्जर घेत नाही, म्हणून १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरने किंवा दुसऱ्या बॅटरीने थेट चार-दोन वेळा टच करून ‘जिवंत’ करायचे व्हिडिओ पाहून लोक हे घरी करतात. कृपया करू नका. सेल फार खाली गेला की आतली तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमा होऊन आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. सेल वर आलेला दिसतो, पण धोका आत बसलेला असतो. चार्जर सुरुवातीला दहावा हिस्साच करंट देतो तो याच काळजीपोटी. थोड्याच वेळापूर्वी खाली गेलेला सेल असेल तर चार्जरवरच ठेवा आणि समोर बसून राहा. अर्ध्या तासात ३ व्होल्ट ओलांडले नाहीत किंवा सेल कोमट झाला तर थांबा. २ व्होल्टच्या खाली महिनोन्‌महिने पडलेला सेल सरळ ई-कचऱ्यात द्या.

गरम काय होतंय ते न बघणं

मोड्यूल गरम होणं स्वाभाविक आहे. ५ व्होल्ट आत येतात, सेल ३ वर आहे, करंट १ अँपिअर: उरलेली २ वॅट उष्णता त्या चिमुकल्या चिपमध्येच जिरते. फार तापली तर चिप आपणहून करंट कमी करते. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून ‘फास्ट’ काही होत नाही, चिप जळते.

सेल तापणं ही वेगळी गोष्ट आहे. ४०० मिलिअँपिअर-तासाच्या छोट्या चपट्या सेलला १ अँपिअर देणं म्हणजे त्याच्या ताकदीच्या अडीचपट. चिपच्या २ नंबरच्या पिनवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यावर ‘१२२’ छापलेलं असतं. तो बदलून ४ किलोओहमच्या जवळचा लावला की करंट ३०० मिलिअँपिअरवर येतो. आणखी एक: या चिपला तापमान मोजायची पिन आहे, पण स्वस्त मोड्यूलवर ती बहुधा सर्किटच्या ग्राउंडला (ऋण टोकाला) जोडलेली असते, म्हणजे सेल किती तापलाय हे चार्जरला कळतच नाही. सर्वसाधारण सेल ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या डब्यात ठेवलेला सोलर दिवा ही मर्यादा सहज ओलांडतो. डबा सावलीत न्या.

भलताच चार्जर

लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे, त्याला ४.२ चा चार्जर लावू नका. निकेल सेलचा चार्जर तर अजिबातच नाही. तो व्होल्टेज किंचित घसरण्याची वाट बघतो आणि लिथियम सेलमध्ये ती घसरण येत नाही.

शेतातल्या फवारणी पंपात हल्ली शिशाची बॅटरी काढून तीन सेलचा लिथियम पॅक बसवतात, पण चार्जर जुनाच ठेवतात. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन सेलचा पॅक १२.६ ला पूर्ण भरतो. म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट यायचे ते केवळ बीएमएस (पॅकमधलं संरक्षण सर्किट) करंट तोडतं म्हणून वाचतात. ते शेवटचं कुंपण आहे, रोज त्याच्यावर गाडी आदळायची नाही. १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जरच घ्या.

आणि तो घेतल्यावरही अधूनमधून पॅक उघडून सेल वेगवेगळे मोजा. चार्जरला फक्त बेरीज दिसते: ४.३५, ४.१२ आणि ४.१३ मिळूनही १२.६ च होतात. असा एक सेल पुढे पळालेला दिसला तर बीएमएसमध्ये बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणायची सोय, आहे का ते तपासा. नसेल तर ते असलेलं बसवा. असूनही तोच सेल दर वेळी पुढे पळत असेल तर त्याची क्षमता बाकीच्यांपेक्षा कमी झालीय, तिन्ही सेल एकदम बदला.