म्हाताऱ्या तेलविहिरीला आडवं बोअर कसं मारायचं

आमच्या करवीर तालुक्यात विहिरीचं पाणी हटलं की शेतकरी लगेच दुसरी विहीर काढत नाही. आधी आहे त्याच विहिरीत उतरून आडवं बोअर मारून बघतो. मी तीस वर्षं गुजरातच्या तेलक्षेत्रात ड्रिलर होतो. 1960 साली तेल लागलेल्या अंकलेश्वरसारख्या जुन्या ठिकाणी हाच विचार कामाला येतो. आता कोल्हापुरात पोरं विचारायला येतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी विहीर का दमली ते शोधा. सगळ्या थराचाच दाब गेला असेल तर आडवं बोअर मारून पैसे घालवू नका. पण उभ्या विहिरीनं जोरात ओढल्यामुळं खालचं पाणी शंकूसारखं वर चढलं असेल, तर आजूबाजूला तेल शिल्लक असतं. अशीच विहीर निवडा. आडव्या बोअरमध्ये ओढ लांबवर वाटली जाते, म्हणून पाणी उशिरा चढतं.

मग केसिंगमागचं, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळीमागचं, सिमेंट लॉग घेऊन (विहिरीत मोजणीचं यंत्र सोडून) तपासा. एका विहिरीवर घाईत आम्ही हे टाळलं. बोअर उत्तम झालं, पण वरच्या थरातलं पाणी केसिंगच्या मागून उतरलं आणि सगळी मेहनत वाया गेली. ती हळहळ अजून जात नाही.

खर्च वाचतो तो जुनं केसिंग वापरल्यानं आणि मोठ्या रिगऐवजी वर्कओव्हर रिगवर (विहीर दुरुस्तीच्या लहान रिगवर) काम भागल्यानं. जुना भाग सिमेंटनं बंद करा, व्हिपस्टॉक, म्हणजे हत्याराला बाजूला वळवणारी पोलादी पाचर, बसवा आणि मिलनं, म्हणजे लोखंड कातणाऱ्या हत्यारानं, केसिंगला खिडकी पाडा. इथं घाई नको. परतणाऱ्या मडमधल्या (बोअरमध्ये फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवामधल्या) चुंबकावर लोखंडाचा कीस जमतो, खोबऱ्याच्या किसासारखा, पण हाताला कापणारा. तो कमी होऊन शेकरवर (मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर) सिमेंट आणि मग खडकाचा चुरा दिसू लागला की मिल बाहेर पडली समजा. तरी खिडकीतून मिल दोन-तीनदा वरखाली फिरवा. कड खरबरीत राहिली तर पुढं पाइप अडकतो.

वळण दहा-पंधरा मीटरच्या त्रिज्येतही घेता येतं, पण त्याला खास हत्यारं लागतात. थर आणि केसिंग परवानगी देत असतील तर मी शंभर-दीडशे मीटरचंच वळण घेईन. त्याला नेहमीची मड मोटर, म्हणजे मडच्या दाबावर बिट फिरवणारी मोटर, चालते. आडवा भाग थराच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब ठेवा. खडक घट्ट असेल तर भोक उघडं सोडा, वाळू सुटत असेल तर चिरांचा लाइनर (चिरा पाडलेली नळी) घाला.

पंप उभ्या भागातच बसवा आणि सुरुवातीला सावकाश चालवा. तेल बघून हात शिवशिवतात, पण पहिला महिनाभर रोज नमुना काचेच्या बाटलीत घ्या, पाणी खाली बसू द्या आणि रेघ मोजून वहीत लिहा. ती चढायला लागली की त्याच दिवशी पंपाचे स्ट्रोक कमी करा.