भुवई का चक्रांग? तळ्यावरची ती बारकी तपकिरी बदकं कशी ओळखायची

नरांचं आधीच उरकून घेऊ, कारण रंगात आलेला नर ओळखायला पुस्तक पण लागत नाही. भुवई बदकाच्या (इंग्रजीत गार्गनी) नराला डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली जाड पांढरी भुवई असते, लांबून पण चमकते. चक्रांगाच्या (इंग्रजीत कॉमन टील) नराचं डोकं तांबूस, डोळ्यावर हिरवी कोयरी काढल्यासारखा पट्टा आणि शेपटीखाली बाजूला पिवळसर डाग. झालं.

खरी अडचण माद्यांची. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला आपल्याकडं उतरणाऱ्या नरांची पण, कारण तेव्हा ते पण मादीसारखेच तपकिरी असतात. यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, चक्रांगाचे नर थंडी पडेपर्यंत बऱ्यापैकी रंगात येतात पण भुवईचे नर लई उशिरा रंग धरतात, कित्येक तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तसेच मातकट. म्हणून डिसेंबरात सोलापूरच्या हिप्परगा तलावावर बारक्या बदकांचा मोठा थवा बसलाय आणि त्यात एक पण रंगीत नर नाही, सगळ्या माद्याच कशा काय असं वाटलं, की पहिला संशय भुवईचाच घ्यायचा.

साइजवर जाऊ नका. चक्रांग ३४ ते ३८ सेंटिमीटर, भुवई ३७ ते ४१, एवढ्याशा फरकाचं पाण्यात बसलेल्या पक्ष्यावरून काही कळत नाही, दोन्ही शेजारी असली तरच थोडाफार अंदाज येतो. रंगाच्या छटेवर तर अजिबात नको, दुपारच्या उन्हात सगळीच फिकट दिसतात.

चेहरा बघा. बाकी सगळं नंतर. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो, डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून गेलेली काळपट रेघ, तिच्याखाली परत फिकट पट्टा आणि गालावर अजून एक काळपट रेघ. चोचीच्या मुळाशी एक पांढुरका ठिपका असतो, आणि गळा पण पांढरा. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानानं साधा, डोळ्यातून एक रेघ जाते पण बाकी सगळं एकसारखं बारीक ठिपक्यांचं, मुळाशी ठळक ठिपका नाही. चोच पण बघून घ्या, भुवईची जरा लांब, जाड आणि पूर्ण राखाडी. चक्रांगाची बारीक, आखूड, आणि पुष्कळदा मुळाशी पिवळट-नारिंगी झाक.

पण पक्षी चोच पाठीत खुपसून झोपला असेल तर? दुपारी निम्मा थवा तसाच असतो ओ. तेव्हा शेपटीच्या मुळाशी बाजूला बघायचं, तिथं आडवी फिकट रेघ दिसली तर चक्रांग. माझ्या मते ही खूण लोक फार कमी वापरतात आणि स्कोपमधून (पक्षी बघायच्या दुर्बिणीतून) ती चेहऱ्यापेक्षा पण लवकर सापडते.

उडाली की पंख. दोघांना पंखावर हिरवट आरसा (पंखाच्या मागच्या भागातला चमकदार पट्टा) असतो आणि त्याच्या पुढं-मागं पांढऱ्या पट्ट्या. चक्रांगाची पुढची पट्टी रुंद, मागची बारीक. भुवईच्या मादीचं उलटं, मागची कड जास्त पांढरी, आरसा मात्र मळकट. भुवईचा नर रंगात नसला तरी त्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडीच राहतो, तो दिसला की तपकिरी नर पण सुटत नाही. फक्त थापट्या बदक (इंग्रजीत शॉव्हेलर) मध्ये येऊ देऊ नका, त्याचा पण पंख पुढून निळा असतो (आता भुवई आणि थापट्या दोघांना एकाच स्पॅच्युला जातकुळीत धरतात, चक्रांग मात्र ॲनस जातकुळीत), पण थापट्याची ती फावड्यासारखी चोच उडताना पण लपत नाही.

आवाज आला तर बोनस. चक्रांगाचा नर बारीक "क्रिक क्रिक" अशी शीळ घालतो, भुवईच्या नराचा आवाज कोरडा, करकर केल्यासारखा.

सरावाला फेब्रुवारी-मार्च निवडा. तेव्हा भुवईचे नर रंगात आलेले असतात, जोड्या जमलेल्या असतात, त्यामुळं नराच्या शेजारची मादी निवांत बघत बसायचं, त्या चेहऱ्यावर नजर एकदा बसली की पुढच्या ऑक्टोबरात सोपं जातं. सोलापुरात विजापूर रोडचा कंबर तलाव, होटगी आणि हिप्परगा म्हणजे आपला १८७१ चा एकरुख तलाव, तिन्हीकडं बघत राहा. सकाळी ऊन पाठीमागं राहील अशी जागा धरा, उन्हाकडं तोंड करून बसलात तर नुसत्या सावल्या दिसतील. आणि पंखाचा फोटो पाहिजे म्हणून थवा उठवू नका प्लीज, लांबचा प्रवास करून आलेत ते. मासेमारीचा तराफा गेला की ती स्वतःच उठतात, कॅमेरा बर्स्टवर लावून थांबा आणि फोटो घरी मोठा करून पट्ट्या बघा. तरी ठरत नसेल तर ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची साइट) सरळ "टील स्पीसीज", म्हणजे जात न ठरलेलं बारकं बदक, असं टाका, अंदाजानं नाव टाकण्यापेक्षा ती नोंद जास्त कामाची.